सेगुंद ग्राव ते पाचवी बोर्ड

गोव्यातल्या जुन्या घरांत एखाद्या आजोबांची आठवण अजून अशी सांगतात, "ते सेगुंद ग्राव पास होते." पोर्तुगीज अमदानीत प्राथमिक शाळेच्या प्रिमैर ग्राव आणि सेगुंद ग्राव या परीक्षा पोर्तुगीजमधून होत. घरात कोकणी, पोथीत मराठी. नापास झालेला मुलगा हिशेबात कच्चा होता की परकी भाषा अडली, हे निकालावरून कळायला मार्ग नसे. "याला डोके नाही" एवढाच अर्थ घरी निघे.

याची आठवण झाली ती मनावरमुळे. धार-देवास म्हटले की आपल्याला पवारांची संस्थाने आणि कुमार गंधर्व आठवतात. मनावर हे धार जिल्ह्यातले मान नदीकाठचे गाव; संस्थानी काळात मात्र ते शिंद्यांच्या ग्वाल्हेरकडे होते. त्या मुलखात अनेक घरांत निमाडी किंवा भिली बोलतात, शाळा मात्र हिंदी. मध्य प्रदेशात पाचवीची बोर्डाची परीक्षा पूर्वी होतीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर ती बंद झाली. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मुभा मिळाली आणि त्यानंतर पाचवी-आठवीची परीक्षा तिथे बोर्डाच्या धर्तीवर पुन्हा सुरू झाली. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाची गुणपत्रिका हातात घेऊन बसलेले आईबाप पुन्हा आले.

या गुणपत्रिकेत वाचायचे काय? इतिहास इथे उपयोगी पडतो. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन, गणिताच्या तपासणीला बांधले. मग शाळा मुलांकडून पुस्तक घोकून घेऊ लागल्या. मुले पास होत. पण नवे पान वाचता येईलच याची खात्री नसे. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची ही पद्धत आली. उलट १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी चाचणी रचली ती कोणत्या मुलाला जादा मदत हवी ते ओळखण्यासाठी. एक परीक्षा शाळेचा हिशेब मागत होती, दुसरी मुलाची गरज शोधत होती.

आजही हा फरक पाहावा लागतो. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (२०१७, २०२१) किंवा २०२४ चे 'परख' सर्वेक्षण निवडक शाळांतल्या मुलांवरून जिल्ह्याचे चित्र देते. जिल्हा मागे पडला म्हणून आपले मूल मागे, असे होत नाही. 'असर'चे लोक २००५ पासून घरी जाऊन मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात, वजाबाकी-भागाकार घालतात. हे कोणत्याही आईबापाला घरी करता येईल.

पाचवीचे गुण आले की आधी बेरीज बाजूला ठेवावी. तेहेतीसला पास धरले, तर बत्तीस आणि चौतीस गुणांच्या मुलांत खरे अंतर फारसे नसते. विषयवार पाहावे. चुकलेले गणित मुलाला घरच्या बोलीत वाचून दाखवावे. ते सुटले, तर अडचण गणितात नाही, प्रश्नाच्या भाषेत आहे. नाही सुटले, तर नेमके कुठे अडते ते घेऊन मास्तरांकडे जावे.

सेगुंद ग्रावला अडलेल्या आपल्या कित्येक पोरांना प्रश्न असा घरच्या भाषेत कोणी वाचून दाखवला नाही. मनावरच्या पोराला तरी तो दाखवावा, आणि आपल्याही.