चिलमीचं आयुष्य

नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल १६१३ सालचा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीला बांध घालून तो बांधला गेला. याच बादशहाच्या विजापुरात त्याआधी दहाएक वर्षं मोगल दूत असद बेग येऊन गेला होता. हिंदुस्थानात आपण कधी न पाहिलेली एक वस्तू इथे दिसली, असं त्याने आठवणींत लिहून ठेवलं आहे. ती वस्तू म्हणजे तंबाखू. आदिलशहाने भेट दिलेली पानाची पिशवी त्याने तंबाखूने भरून घेतली. अकबरापुढे ठेवायला एक नळीही तयार करवली: तीन हात लांबीची, अचीनहून आलेली, दोन्ही टोकांना रत्नं आणि मीनाकाम, तोंडाशी येमेनी अकीक. पेटवण्यासाठी सोन्याचं पात्र वेगळं. वैद्याचा विरोध असताना अकबराने एकदोन झुरके घेतले आणि पुढे त्या वाटेला गेला नाही. दरबाऱ्यांना मात्र गोडी लागली. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखू बंद करण्याचा हुकूम काढला, तोवर ती दरबाराबाहेर पडून बाजारात आणि बाजारातून शेतात पोचली होती.

दिल्ली-आग्र्याच्या आधी दख्खनला तंबाखू माहीत झाली, यात नवल नाही. गोवा १५१०मध्ये पोर्तुगिजांनी आदिलशहाकडूनच घेतला होता. अमेरिकेतून निघालेलं रोप पोर्तुगीज गलबतांनी जिथे उतरवलं, तो किनारा विजापूरच्या उंबऱ्याशीच होता. आज ज्याला आपण धाराशिव जिल्हा म्हणतो, तो मुलूख तेव्हा आदिलशाही, निजामशाही आणि मोगल यांच्या ओढाताणीत सापडलेला. नळदुर्ग आणि परांडा ही त्या ओढाताणीतली दोन मोठी ठाणी. फौजा जिथे तळ देतात तिथे व्यसनंही तळ देतात. या भागात तंबाखू शिपायांच्या कमरेच्या चंचीतून आली असावी, असं मला वाटतं.

धूर ओढणं मात्र आपल्याकडे नवीन नव्हतं. चरकसंहितेत औषधी धुराचा सविस्तर विधी आहे आणि त्यासाठी ‘धूमनेत्र’ नावाची सरळ नळीही सांगितली आहे. पण तिथे औषधांचा वाटलेला कल्क काडीवर लेपून वाळवायचा, त्याची वात नळीच्या टोकाला लावायची आणि पेटवायची. विस्तव धरून ठेवणारी वाटी त्यात नाही. तंबाखूला ती वाटी लागली, कारण चुरलेलं पान सावकाश जळायला भांडं हवं. हुक्क्यात ते काम वर बसवलेल्या मातीच्या भांड्याने केलं. हुक्क्याची नळी चांदीची असो, तळ बिदरी कामाचा असो, विस्तवाखालचा तो लहानसा शेंडा बहुतेक ठिकाणी मातीचाच राहिला. माझ्या मते हातात धरायची चिलीम ही या शेंड्याचीच लेक आहे. पाणी, नळी, तळ हा सगळा थाट बाजूला ठेवून ती एकटी गावात शिरली. गुराख्याला, मोटकऱ्याला, बैरागी-फकिराला खिशात घालून नेता येईल एवढीच तिची मजल होती आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

मातीचा विषय निघाला की तेर हे गाव आठवलंच पाहिजे. प्राचीन तगर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे. मातीची भांडी, खेळणी, मृण्मूर्ती यांचा इथला ठेवा एवढा मोठा की रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर संग्रहालय उभं राहिलं. आणि तेर म्हणजे गोरोबा काकांचं गाव. थापटणं हातात घेऊन त्यांनी संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही कथा मराठी घरांत लहान मुलालाही माहीत असते. तिच्यातली परीक्षा कुंभाराच्या रोजच्या कामातली आहे. भाजलेल्या भांड्यावर बोटाने टिचकी मारायची, आवाज खणखणीत आला तर पक्कं, बद्द आला तर कच्चं किंवा तडा गेलेलं. चिलीम घेतानाही माणसं हेच करत. गोरोबांच्या काळी इथे तंबाखूचं पान नव्हतं, म्हणून त्यांच्या आव्यात चिलमी भाजल्या गेल्या नसणार. त्यांच्या वंशजांच्या आव्यांत मात्र गाडग्या-मडक्यांच्या मधल्या फटींतून त्या खच्चून भरल्या गेल्या.

चिलीम घडवणं हे कुंभाराच्या लेखी फार मोठं काम नव्हतं. चाकावर मातीचा एकच मोठा गोळा बसवायचा आणि त्याच्या शेंड्यातून एकामागून एक चिलमी ओढून काढायच्या. वर फुलासारखं पसरट तोंड, खाली निमुळतं टोक, मग दोऱ्याने कापून वेगळी करायची. ओलसर असतानाच काडीने आरपार भोक. माती चाळून भिजवलेली, त्यात राख आणि लीद घातलेली. ही भेसळ कंजुषीपोटी होत नसे. लीद जळून गेली की भांड्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांमुळे एकदम तापलं तरी भांडं फुटत नाही. तुराट्या, गोवऱ्या, पाचट यांच्या आव्यात उष्णता सातशे ते नऊशे अंशांच्या आसपास पोचते. त्याहून जास्त भाजलं तर माती दगडासारखी घट्ट होते, पण मग ती विस्तवाचा झटका सोसत नाही. चिलमीला थोडं सच्छिद्र राहणंच मानवतं.

वापरणाऱ्याचीही स्वतःची सामग्री असे. तोंडातून तंबाखू खाली घसरू नये म्हणून आत एक खडा. निमुळत्या टोकाला गुंडाळायची ओली छापी, म्हणजे कापडाचा तुकडा, ज्याने धूर थोडा निवतो आणि ओठ पोळत नाहीत. चकमक, गारगोटी, कापूस. आणि हे सगळं ठेवायला चंची. या सामग्रीचं सर्वांत चांगलं वर्णन श्रीसाईसच्चरितात सापडतं. धूपखेड्याचे चाँद पाटील हरवलेली घोडी शोधत असताना त्यांना आंब्याखाली एक फकीर भेटतो. तो चिलीम तयार करत असतो, पण विस्तव नाही आणि छापी भिजवायला पाणी नाही. फकीर चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढतो, सटका आपटून पाणी काढतो, छापी भिजवून पिळतो आणि चिलीम पेटते. भक्तांसाठी तो चमत्कार आहे. चिलमीचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: माळरानावर एकट्या माणसाला चिलीम ओढायची तर अडचण तंबाखूची नव्हती, विस्तवाची आणि पाण्याची होती. शेगावला गजानन महाराजांच्या चिलमीसाठी जानकीराम सोनाराकडे विस्तव मागायला जावं लागलं आणि त्याने तो नाकारला, ही कथाही त्याच अडचणीवर उभी आहे. चिलीम माणसाला शेजाऱ्याच्या दारात नेत असे.

ही जवळीक वाईट कामीही आली. इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर १८५३पासून काही वर्षं नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्याने ‘तारा’ ही कादंबरीही लिहिली. त्याआधी १८३९मध्ये आलेल्या ठगांवरच्या त्याच्या कादंबरीत गळा आवळण्याचा इशारा आहे ‘तंबाखू लाओ’. वाटसरू बेसावध व्हावेत असा याहून साधा शब्द ठगांना सापडला नसता, इतकं तंबाखू मागणं आणि देणं रस्त्यावरच्या माणसांत रुळलेलं होतं.

आता टिकण्याबद्दल, एका तुलनेतून. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात मक्याच्या कणसाचे पाइप होतात. हेन्री टिबी या डच लाकूडकाम करणाऱ्याने १८६९मध्ये वॉशिंग्टन गावी ते लेथवर घडवायला घेतले, कणसाच्या छिद्रांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरण्याच्या पद्धतीचं पेटंट १८७८मध्ये मिळवलं. दाणे काढलेलं कणीस आधी दीर्घकाळ वाळवत ठेवतात. तरीही ते शेवटी जळण्यासारखंच द्रव्य. आत राखेचा आणि काजळीचा थर धरला की तो भिंतीला वाचवतो. तो धरेपर्यंत हळू ओढावं लागतं. दांडी जिथे वाटीत शिरते तिथे तळ करपतो. रोज अनेकदा आणि गरमागरम ओढणाऱ्याचा पाइप काही महिन्यांत जातो. दोनतीन पाइप आलटून पालटून वापरणाऱ्याचा वर्षावर्ष चालतो. म्हणजे वापरानेच तो झिजतो.

चिलीम वापराने झिजत नाही. माती एकदा भाजली की तंबाखूचा विस्तव तिचं काही करू शकत नाही. ती मरते ती हातून निसटून दगडावर पडल्याने, किंवा तापलेल्या तोंडावर पावसाचा सपकारा बसून तडा गेल्याने. तिचं आणखी एक दुखणं म्हणजे किट: आतल्या भोकात चिकट काळा थर साचतो आणि ओढ बंद होते. त्याला उपाय दोन. कापडाची लांब चिंधी आरपार घालून दोन्ही हातांनी पुढेमागे ओढायची, किंवा चिलीम सरळ निखाऱ्यात टाकून द्यायची. किट जळून जातो, चिलीम पुन्हा तांबूस होऊन बाहेर येते. कणसाच्या पाइपावर हा प्रयोग केला तर हाती राख राहील. सांभाळणाऱ्याच्या हाती एक चिलीम वर्षानुवर्षं राहू शकते. शिर्डीला साईबाबांच्या चिलमी आजही संग्रहालयात आहेत.

तरी गावात कुणी तिचे दिवस मोजले नाहीत. कुंभार बलुतेदार होता, त्याचं मोल खळ्यावर धान्यात चुकतं व्हायचं. मडकं फुटलं तर नवं मडकं आणि चिलीम फुटली तर पुढच्या आव्यातली चिलीम. टिकाऊपणाची चिंता वस्तू विकत घ्यावी लागते तिथे सुरू होते. आपल्या शिवारात मका असूनही कणसाचा पाइप कुणी केला नाही, याचंही कारण मला हेच दिसतं. हाकेच्या अंतरावर कुंभारवाडा असताना कणीस पोखरत कोण बसेल?

चिलमीला शेवटी हटवलं ते विडी आणि काडेपेटी या जोडीने. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली तंबाखू तयार मिळू लागली, खडा नको, छापी नको, शेजाऱ्याचा विस्तव नको. शेजारच्या सोलापुरात विडी वळणं हा हजारो बायकांचा रोजगार झाला. चिलीम देवस्थानांच्या पारांवर, साधूंच्या धुनीपाशी आणि गांजाच्या संगतीत उरली. छापी ओली केल्याने धूर निवतो, पण त्यातलं विष निवत नाही, म्हणून तिच्या जाण्याची हळहळ मला तिच्या घडणीपुरतीच आहे.

मात्र जमिनीखाली ती अजून आहे. तेरला १९५८मध्ये पुरातत्त्व संशोधक चापेकरांनी उत्खनन केलं, नंतरही तिथे खोदकामं झाली. दख्खनच्या कुठल्याही जुन्या पांढरीच्या टेकाडावर काम करणाऱ्याला वरच्या थरांत चिलमीचे तुकडे मिळाले की एक गोष्ट नक्की कळते: तंबाखू ओढायची चिलीम असेल तर हा थर सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या आधीचा नाही. नाणं नसलेल्या जागी ही खूण फार उपयोगी पडते. तुकडा ओळखणंही अवघड नाही. बोटाएवढा निमुळता भाग, मधून आरपार भोक, आतून काळपट, वर तोंडाकडे रुंदावत गेलेला. कधी बाहेर दाबून उठवलेली रेघ किंवा पाकळ्यांची नक्षी. तेर, परांडा, नळदुर्ग या भागात नांगरटीनंतर असा तुकडा वर आला तर तो धुऊन घासू नये, कारण आतला काळा थरच अभ्यासाला हवा असतो. शेताचं नाव आणि जागा कागदावर लिहून तो तेरच्या संग्रहालयात नेऊन द्यावा.