नांगर

शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’वरून आला, गलबताचा फारसी ‘लंगर’वरून, मराठीत दोघे एकरूप झाले. बायबलमध्ये इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 6व्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलं आहे, तो हा दुसरा. मूळ ग्रीक शब्द ‘आंकुरा’. वाकण्याच्या अर्थाचा त्याचा धातू आपल्या ‘अंकुशा’तही आहे. रोममधल्या प्रिस्किल्लाच्या भुयारी दफनभूमीत आरंभीच्या ख्रिस्ती कबरींवर हाच नांगर कोरलेला आढळतो. छळाच्या त्या काळात, गेलेल्या माणसाच्या नावाशेजारी नांगर कोरणाऱ्या हातांची श्रद्धा मला फार जवळची वाटते. वादळ नांगराने शमत नाही. होडी मात्र न दिसणाऱ्या तळाशी बांधलेली राहते. वसईच्या ख्रिस्ती कोळ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.