एका सामन्याचा हंगाम

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी आज मागांची देखभाल करतो. 2003 साली याच वसाहतीतल्या रिकाम्या प्लॉटवर आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ सराव करायचा. पाऊस झाला की काळी माती बुटांना चिकटायची. संघातली निम्मी पोरं पूर्व भागातली, विणकर घरांतली. त्यामुळे मैदानावर हाका तेलुगूत आणि भांडणं मराठीत. गोलकीपर रात्रपाळी संपवून थेट सरावाला यायचा.

त्याला आम्ही हंगाम म्हणायचो खरे, पण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. सोळा संघ असले तर पंधरा सामने होतात आणि आठ संघांचा हंगाम पहिल्याच सामन्यात आटोपतो. दोन महिन्यांचा सराव, दीड तासाचा खेळ.

आपल्याकडे कॉलेजच्या संघाने कोणाशी खेळायचे, हे विद्यापीठाच्या हद्दीने ठरते. सोलापुरात ही हद्द किती वेळा बदलली ते पाहण्यासारखे आहे. दयानंद महाविद्यालय 1940 मध्ये निघाले, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाखाली होते. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ आले. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि सोलापूर त्यात गेले. 1 ऑगस्ट 2004 रोजी एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी वेगळे विद्यापीठ स्थापन झाले. त्याला आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. कॉलेज जागचे हलले नाही. प्रतिस्पर्धी मात्र बदलत गेले.

यातला कोल्हापूरचा काळ सर्वांत लांब, बेचाळीस वर्षांचा. कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी वाढवला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे तिथे पेठेपेठेच्या अभिमानाची, आणि शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्यालाही गर्दी लोटते. तिथल्या कॉलेजच्या संघात हीच तालमीची पोरं असायची. आम्ही एसटीने अडीचशेच्या आसपास किलोमीटर जाऊन त्यांच्यापुढे उभे राहिलो. मध्यंतरालाच चार गोल झाले होते. गोलकीपर एवढेच म्हणाला, "हे लोक चेंडूकडं बघतच नाहीत रे, माणसाकडं बघतात." तेवढे एक वाक्य घेऊन आम्ही परतलो. विद्यापीठाच्या संघात निवड होण्याची आशा आमच्यापैकी कोणी केलीच नव्हती.

2004 नंतर ती निवड जिल्ह्यातच होऊ लागली. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला सोलापूरचा स्वतःचा संघ जाऊ लागला, आणि दोन वर्षांनी माझ्या धाकट्या भावाला त्याची जर्सी मिळाली. आईने ती शेजारीपाजारी दाखवली. वेगळे विद्यापीठ झाले म्हणून ती जर्सी आमच्या घरात आली, हे मी कधीच नाकारणार नाही. वेळ, खर्च, प्रवास यांचा विचार केला तरी ते योग्यच झाले. तरीही मला वाटते, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जिंकत वर गेलेल्या पोरांना खरा जोर पहिल्यांदा भेटला तो थेट परराज्यांतल्या संघांकडून, आणि फार उशिरा. भाऊ स्पर्धेहून आला, बॅग ठेवली आणि म्हणाला, "दादा, तुम्ही कोल्हापूरला हरायचा तेच बरं होतं. आम्हाला कुणी आधी हरवलंच नाही."

आमच्या सरावाच्या प्लॉटवर आता यंत्रमागांची शेड आहे. गोलकीपर तिथेच पाळी करतो. जेवणाच्या सुट्टीत भेटलो की त्या सामन्यातला तिसरा गोल ऑफसाइड होता, हे तो मला अजूनही पटवून देतो.