जॉबर: गिरणीतला बिनपदाचा पुढारी

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारांच्या तुकडीवर नेमलेल्या माणसाला जॉबर म्हणत. तो कामगारांतूनच वर आलेला असे आणि बहुधा कामगारांच्याच चाळीत राही. गिरणीच्या उतरंडीत त्याच्या डोक्यावर मास्तर, मॅनेजर आणि एजंट असत. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासपर्यंत खात्यात माल निघणार की नाही, हे बरेचसे त्याच्यावर ठरत असे. चार माणसे एखाद्याचे का ऐकतात आणि ऐकेनाशी केव्हा होतात, याचा उलगडा जॉबरच्या इतिहासात जितका होतो तितका व्यवस्थापनाच्या पुस्तकांत क्वचितच होतो.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतलेली सूतगिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या गिरण्यांसाठी यंत्रे लँकेशायरहून, विशेषतः ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून येत. त्यांच्यामागोमाग तिथले मास्तरही आले. भांडवल पारशी, भाटिया, बगदादी ज्यू अशा घराण्यांचे आणि कामगार रत्नागिरीचा, साताऱ्याचा, पुण्याकडचा. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. मास्तरला मराठी येत नव्हते, कामगाराला इंग्रजीचा गंध नव्हता, आणि मालकाला या दोघांशीही रोज बोलायची गरज वाटत नव्हती. ही फट भरून काढायला जो मधला माणूस लागला तो जॉबर. साचेखात्यात त्याच्या हाताखाली साच्यांची, म्हणजे मागांची, एक ओळ असे म्हणून तो लाईन जॉबर. त्याच्या वरचा हेड जॉबर. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका काम करत, तिथे ही जागा नायकिणीची असे. हाच माणूस कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत सरदार झाला आणि सिलोनच्या मळ्यांवर कंगाणी.

जॉबरच्या हातातली पहिली सत्ता भरतीची. गिरणीला रोज किती माणसे लागतील याचा नेम नसे. सुगी, शिमगा, गणपती, लग्नसराई आणि आजारपण यांमुळे खाडे ठरलेलेच. ती तूट बदली कामगार भरून काढत. भोंगा होण्याच्या सुमारास हे कामगार फाटकाशी जमत, खात्यात किती जागा रिकाम्या आहेत हे पाहून जॉबर त्यांतली माणसे निवडी आणि उरलेले परत जात. निवडलेल्याला त्या दिवसाचा रोज मिळे, न निवडलेल्याला काहीच नाही. साहजिकच फाटकावर जॉबरच्या नजरेस पडणे हेच एक काम होऊन बसले. तो आपल्या गावचा, भावकीतला किंवा निदान ओळखीतला असला तर बरे, म्हणून एकेका खात्यात एकेका तालुक्याची माणसे गोळा होत.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ही सत्ता किती मोलाची आहे ते मालकांना कळले. शहर ओस पडू लागले, कामगार गावाकडे पळाले. जे मागे राहिले त्यांनी महिन्याच्या पगाराऐवजी रोजच्या रोज मजुरी मागितली, आणि गिरण्या एकमेकींची माणसे जास्त दराने पळवू लागल्या. अशा वेळी हुकूम काढून काही होण्यासारखे नव्हते. ज्या जॉबरला पन्नास घरे ठाऊक होती, ज्याच्या शब्दावर माणूस कोकणातून परत येत होता, त्याच्याच खात्याची चाके फिरत राहिली.

मात्र जॉबर म्हणजे नुसता भरतीचा दलाल, असे जे पुष्कळदा लिहिले जाते ते अपुरे आहे. साचेखात्यातला लाईन जॉबर हा मुळात कारागीर होता. साचा बिघडला की तो लावून द्यायचे काम त्याचे. हवा कोरडी झाली की ताण्याचे धागे तुटू लागतात. कापसाच्या मिश्रणात हलका कापूस जास्त पडला की सूत कच्चे निघते. खळ नीट बसली नाही तरी तेच. धोटा वेळेवर परतला नाही तर ताणा तुटतो, आणि उडाला तर शेजारच्याला लागतो. यांतले नेमके काय झाले आहे, हे खात्याच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात साच्याशी वाकून, हात लावून ओळखावे लागे. विणकराला मजुरी कापडाच्या मापावर मिळे, म्हणजे साचा उभा राहिला की त्याची कमाई उभी राहिली. जॉबरची स्वतःची कमाईही पुष्कळदा त्याच्या ओळीतल्या उत्पादनाला बांधलेली असे. तेव्हा साचा लवकर लावणारा जॉबर कामगारालाही हवा असे आणि मास्तरलाही. ज्याला यंत्र कळत नाही त्याने कितीही आरडाओरडा केला तरी खात्यात त्याला कोणी मोजत नसे.

कापडात डाग किंवा फाट निघाली तर खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापायची पद्धत अनेक गिरण्यांत होती. दोष सुताचा, साच्याचा की माणसाचा, हे ठरवताना जॉबर काय सांगतो याला वजन असे. मास्तरपुढे उभे राहून ‘सूत कच्चे होते’ असे म्हणणारा जॉबर आणि मान खाली घालून विणकराचे नाव पुढे करणारा जॉबर, यांतला फरक सगळ्या खात्याला ठाऊक असे. दुसऱ्या प्रकारच्या जॉबरला एरवी लोक सलाम करत, पण अडचणीच्या दिवशी त्याच्याकडे माणसे येत नसत.

कामाबाहेरचा भाग तितकाच मोठा. पगार महिन्याचा, तोही महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी हातात पडे. नव्याने आलेल्या माणसाला दीड महिना उधारीवरच काढावा लागे: वाण्याकडे धान्य, खानावळवालीकडे जेवण, निकड पडली तर पठाणाकडून व्याजाने पैसा. ही उधारी मिळे ती कोणाच्या तरी शब्दावर, आणि तो शब्द अनेकदा जॉबरचा असे. चाळीत खोली मिळवून देणे, भांडण मिटवणे, मयतीला उभे राहणे, गणपतीची किंवा व्यायामशाळेची वर्गणी जमवणे या गोष्टींतही तो पुढे असे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गाचा अभ्यास करताना यावरच बोट ठेवले. जॉबरची ताकद गिरणीने दिलेली नव्हती, ती गिरणगावाच्या वस्तीतून आलेली होती. म्हणूनच तिला मर्यादाही होती. परळ-लालबागला एका गिरणीच्या भिंतीला दुसरी गिरणी लागून होती. कामगार नाराज झाला तर शेजारच्या जॉबरकडे जाऊ शके. शेजारपाजारच्या रागापुढे मालकाचा हुकूम लंगडा पडे, आणि मालकाची मर्जी गेली तर जॉबरची जागाच जाई. दोन्हीकडे पत राखणे हाच त्याचा खरा धंदा होता. जॉबरला काढले म्हणून त्याच्या माणसांनी काम बंद केल्याची उदाहरणे सुरुवातीच्या संपांत आहेत, तशीच जॉबरच्या जाचाविरुद्ध उठलेल्या खात्यांचीही आहेत.

जाच होताच, आणि तो थोडाथोडका नव्हता. काम लावायला दस्तुरी, बढतीला दस्तुरी, रजेवरून परत आल्यावर जागा टिकवायलाही दस्तुरी. काही जॉबर स्वतःच व्याजाने पैसे देत आणि ऋणकोला दुसऱ्या गिरणीत जाऊ देत नसत. नायकिणींच्या खात्यांत बायकांची पिळवणूक दुहेरी होई, कारण त्यांना दुसरीकडे काम मिळण्याची शक्यता पुरुषांहून कमी होती. पुढे जॉबरची बाजू घेणाऱ्या अभ्यासकांनी हा भाग जरा हलक्या हाताने लिहिला आहे.

जॉबरपेक्षा वेगळ्या तऱ्हेचे पुढारीपण गिरणगावात येत होतेच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला आणि बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती या खटपटीतून. लोखंडे कोणाला काम लावू शकत नव्हते की कोणाचे काम काढून घेऊ शकत नव्हते. लोक त्यांच्या मागे गेले ते मागणी सगळ्यांची होती म्हणून. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या सहा महिन्यांच्या संपात हा फरक ठसठशीत झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते आणि एका विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत या योजनेवर मुख्य राग होता. संपातून वाढलेल्या गिरणी कामगार युनियनने गिरणीगणिक समित्या नेमल्या. खात्यातली तक्रार आता जॉबरला वळसा घालून समितीमार्फत थेट मॅनेजरच्या टेबलावर जाऊ लागली. या समित्या फार काळ टिकल्या नाहीत, १९२९ च्या संपानंतर युनियन खिळखिळी झाली, पण जॉबरवाचूनही बोलता येते हे कामगारांनी पाहिले होते.

नेमके त्याच सुमारास व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालचे रॉयल कमिशन भारतात फिरत होते. ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. कमिशनच्या १९३१ च्या अहवालाने जॉबरच्या लाचखोरीवर कडक टीका केली आणि भरती व बडतर्फी त्याच्या हातून काढून घेऊन लेबर ऑफिसरकडे द्यावी असे सुचवले. बायकांच्या देखरेखीसाठी शिकलेली बाई नेमावी असेही सांगितले. मुंबई सरकारने १९३४ च्या कायद्याने लेबर ऑफिसर नेमला. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली: बदली कामगाराला कार्ड, आणि कार्डवाल्यालाच आधी काम. १९३६ मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले. गिरण्यांना पुढे जे कल्याण अधिकारी लागले त्यांतले बरेच तिथून आले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्याला असा अधिकारी सक्तीचा केला.

असे करत जॉबरचे काम तुकड्यातुकड्यांनी वाटले गेले. भरती लेबर ऑफिसकडे, तक्रार युनियनकडे, अडीअडचण कल्याण अधिकाऱ्याकडे, उधारी सहकारी पतपेढीकडे. लाचखोरी कमी झाली, हा मोठाच फायदा. जॉबरकडे उरले ते साचा लावणे आणि माल काढणे. नव्या अधिकाऱ्यांकडे पदवी होती, कायद्याचे ज्ञान होते, पण धागा का तुटतो हे त्यांना सांगता येत नव्हते, आणि संध्याकाळी ते चाळीत राहायला जात नव्हते. त्यामुळे जॉबरचे अधिकार कागदावरून गेले तरी त्याचा शब्द खात्यातून जायला आणखी कित्येक वर्षे लागली.

अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत १९५३ मध्ये या प्रश्नाला वेगळ्याच बाजूने हात घातला गेला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी पाहिले की स्वयंचलित साच्यांच्या शेडमध्ये माणसे एकेका कामापुरती विखुरलेली आहेत आणि ठरावीक साच्यांची जबाबदारी कोणत्याच गटावर नाही. ठरावीक साच्यांना ठरावीक गट जोडण्याची कल्पना त्यांनी मांडताच कामगारांनी आणि जॉबरांनी ती उचलून धरली आणि गटात कोण असावे हे स्वतःच ठरवले. सुरुवातीच्या धडपडीनंतर उत्पादन वाढले, कापडाची खराबी घटली. राइस यांनी १९५८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि जगभरच्या व्यवस्थापनशास्त्रात तो प्रयोग गाजला. मुंबईच्या गिरण्यांनी त्यातून फारसे काही घेतले नाही.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि जॉबर हे पद त्यांच्याबरोबर संपले. मधला माणूस मात्र महाराष्ट्रात संपलेला नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात, त्या मुकादमाच्या शब्दावर. नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, तो हंगामाआधी उचल देतो, गाडीत बसवून कारखान्याच्या हद्दीत नेतो, फडात कामाची वाटणी करतो, आजारपणात पैसे पुरवतो आणि हंगाम संपल्यावर हिशेब करतो. १९३१ च्या अहवालाने ज्या सत्ता एका माणसाच्या हातून सोडवायला सांगितल्या होत्या, त्या सगळ्या त्याच्याकडे एकवटलेल्या आहेत, आणि साखर कारखान्याचा व्यवहार आजही बहुतेक ठिकाणी मजुराशी थेट न होता मुकादम आणि वाहतूक ठेकेदार यांच्यामार्फतच होतो.