उन्हाचे जीवनसत्त्व आणि आयुष्याचा वारसा

उतारवयाला लागलेल्या माणसाला आज जो तो सांगतो, की सकाळच्या उन्हात बसा आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या. सल्ला वाईट नाही. परंतु त्याच्या पाठोपाठ अशीही एक समजूत रूढ झाली आहे, की हे जीवनसत्त्व अंगात जितके अधिक तितके आयुष्य अधिक. या समजुतीची परीक्षा कशी झाली, हे आज आपण पाहू.

आरंभ लहान मुलांच्या मुडदुसापासून झाला. 1890 मध्ये थिओबाल्ड पाम या इंग्रज वैद्याने देशोदेशींची माहिती जमवून दाखविले, की जेथे ऊन नाही तेथे मुडदूस आहे. 1919 मध्ये बर्लिनला हुल्डशिन्स्कीने पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशाने मुले बरी केली. 1922 मध्ये मॅकॉलम याने कॉड माशाच्या तेलातील या गुणाला ‘ड’ हे अक्षर दिले. त्याच वर्षी हचिसन आणि शहा यांची आपल्या नाशिककडील पाहणी प्रसिद्ध झाली. शेतात राबणाऱ्या गरिबांपेक्षा पडद्यातल्या सुखवस्तू घरांत हा विकार अधिक, असे तिच्यात दिसले. श्रीमंतीचा असाही एक दंड!

खरे पाहता याला जीवनसत्त्व म्हणणेच थोडे चुकीचे आहे. उन्हाने ते त्वचेत तयार होते, यकृतात त्याला एक रूप मिळते, मूत्रपिंडात दुसरे, आणि मग पेशींतील एक ग्राहक प्रथिन त्याचा निरोप ऐकते. या प्रत्येक टप्प्यामागे एकेक जनुक आहे. म्हणजे एकाच ओसरीवर, एकाच उन्हात बसलेल्या दोघांच्या रक्तातील ‘ड’चे प्रमाण वेगळे असू शकते.

1994 मध्ये सिडनीच्या संशोधकांनी जाहीर केले, की त्या ग्राहकाच्या जनुकातील भेदांवर हाडांची घनता पुष्कळशी अवलंबून आहे. जगभर गाजावाजा झाला. 1997 मध्ये त्यांनीच काही नमुन्यांच्या तपासणीत चूक झाल्याचे प्रसिद्ध केले आणि तो परिणाम बराच लहान ठरला.

याहून चमत्कारिक हकिकत हॉलंडमधील लायडनची. तेथील संशोधकांनी नव्वदीच्या आसपास पोहोचलेली भावंडे ज्या घराण्यांत हयात आहेत, अशी घराणी निवडली. त्यांच्या मुलामुलींची तुलना कोणाशी करावी? त्यांच्याच नवऱ्या-बायकांशी! युक्ती मोठी मार्मिक. कारण घर एक, चूल एक, फरक राहिला तो वंशाचा. अपेक्षा अशी, की दीर्घायुषी घराण्यांतल्यांना ‘ड’ अधिक असेल. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटा निघाला. त्यांच्या रक्तात ते थोडे कमीच होते. आणि यकृतातील टप्प्याच्या जनुकाचा जो प्रकार ‘ड’ वाढवितो, तोही त्यांच्यात जरा कमी आढळला. फरक लहान आणि पुरावा निसटता. पण समजुतीला धक्का बसला तो बसलाच.

बरे, एवढ्यावर निकाल द्यावा तर 2014 मध्ये डेन्मार्कमधून उलट साक्ष आली. सुमारे 95,000 माणसांत, ज्यांना जनुकांमुळेच ‘ड’ कमी, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण काहीसे अधिक दिसले. दोन्ही पाहण्या प्रामाणिक. आमच्या मते त्यांतून एवढेच निघते, की आयुष्याची दोरी या एका धाग्याची नाही.

मग प्रत्यक्ष गोळ्या देऊन पाहिले तेव्हा काय झाले? अमेरिकेत 25,871 प्रौढांवर प्रयोग झाला. 2018 मध्ये कळले, की रोजच्या गोळीने कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचे प्रमाण घटले नाही. 2022 मध्ये कळले, की अस्थिभंगही घटले नाहीत. मात्र यांतील बहुतेकांना ‘ड’ची कमतरता मुळातच नव्हती, हे विसरून चालणार नाही. भरल्या घागरीत आणखी किती ओतणार? याउलट फ्रान्समधील वृद्धाश्रमांत 3,270 स्त्रियांवर, सरासरी चौऱ्याऐंशीच्या वयात, प्रयोग झाला होता. ऊन क्वचितच अंगावर येणाऱ्या त्या बायकांपैकी ज्यांनी दीड वर्ष ‘ड’ आणि कॅल्शियम नेमाने घेतले, त्यांच्यात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण 43 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1992 मध्ये प्रसिद्ध झाले.