चंद्राचें वचन

अंतराळयुगाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांचा विषय निघाला म्हणजे पुष्कळांच्या मनांत एक हुरहूर दाटते, आणि ‘तसे पुढारी आतां कोठें राहिले?’ या उद्गारानें तिचा शेवट होतो. या उद्गारांत सत्य किती आणि दुरून साजऱ्या दिसणाऱ्या डोंगरांची मोहिनी किती, हें इतिहासाच्या आधारानें पाहणें अगत्याचें आहे. ज्या पुढाऱ्यांची आपण वाट पाहतों ते कसे होते हेंच ठाऊक नसेल, तर उद्यां ते समोर उभे राहिले तरी आपण त्यांना ओळखणार नाहीं.

४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सोव्हिएट रशियानें ‘स्पुटनिक’ नांवाचा सुमारें ८४ किलोग्रॅम वजनाचा गोळा पृथ्वीभोंवतीं फिरत ठेवला. १२ एप्रिल १९६१ रोजीं युरी गागारिन यांनीं पृथ्वीप्रदक्षिणा केली व १०८ मिनिटांत ते सुखरूप परतले. त्यानंतर आठवडाभरांतच क्यूबाच्या किनाऱ्यावर अमेरिकेच्या पाठबळानें उतरलेल्या सैन्याचा फज्जा उडाला. या दुहेरी मानहानीनंतर, २० एप्रिलला, अध्यक्ष केनेडी यांनीं उपाध्यक्ष जॉन्सन यांस लेखी विचारणा केली. तिचा रोख असा होता, कीं रशियनांना ज्यांत मागें टाकतां येईल असा अंतराळांतील एखादा उपक्रम आहे काय? चंद्राच्या स्वप्नाचा उगम हा असा आहे. त्यांत जिज्ञासेपेक्षां चुरस अधिक होती.

२५ मे १९६१ रोजीं केनेडी यांनीं प्रतिनिधिसभांपुढें संकल्प सोडला, कीं हें दशक संपण्यापूर्वीं मनुष्य चंद्रावर उतरवून त्याला सुखरूप परत आणावयाचें. त्या दिवशीं अमेरिकेच्या गांठीं मानवी अंतराळ-उड्डाणाचा अनुभव होता तो अवघ्या १५ मिनिटांचा! सप्टेंबर १९६२ मध्यें ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठांत त्यांनीं केलेलें भाषण आजहि लोक आवर्जून ऐकतात. परंतु त्यानंतर दोनच महिन्यांनीं, अंतराळ-खात्याचे प्रमुख जेम्स वेब यांच्याशीं झालेल्या खासगी बैठकींत, आपणांस अंतराळाची तितकीशी गोडी नाहीं, हा सारा खर्च शर्यतीसाठीं आहे, असें तेच केनेडी स्पष्ट बोलले. त्या बैठकीचें ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पुढें सप्टेंबर १९६३ मध्यें, राष्ट्रसंघापुढें, चंद्रावर रशियासह जोडीनें जाण्याची सूचनाहि त्यांनींच मांडली.

जनतेचें तरी एकमत होतें काय? तेंहि नव्हतें. त्या दशकांतील बहुतेक लोकमत-चाचण्यांत निम्म्याहून अधिक अमेरिकनांना हा खर्च अनाठायी वाटत होता. १९६९ च्या जुलैंत, उड्डाणाच्या आदल्या दिवशीं, राल्फ अॅबरनाथी हे गरिबांचा एक मेळावा आणि खेचरांच्या गाड्या घेऊन तळावर गेले आणि भुकेलेल्यांची आठवण त्यांनीं राष्ट्राला करून दिली.

मग हेतु असा संमिश्र आणि लोक असे साशंक असतां, त्या नेतृत्वांत थोर तें काय होतें? माझ्या मतें, तें त्या वचनाच्या घडणींत होतें. केनेडी यांनीं नुसती आशा दाखविली नाहीं. त्यांनीं मुदत दिली. वचन पाळलें कीं मोडलें, हें कोणा शाळकरी मुलालाहि सांगतां यावें, इतकें तें स्पष्ट होतें. शिवाय, दोनदां निवडून आले असते तरी त्यांची कारकीर्द जानेवारी १९६९ मध्यें संपली असती. दशकाची अखेर त्यापलीकडे होती. म्हणजे फळाचें श्रेय दुसऱ्याच्या पदरांत पडण्याचा संभव त्यांनीं आधींच पत्करला होता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं त्यांची हत्या झाली. पुढें सुमारें चार लक्ष माणसें या कामीं राबलीं. १९६६ सालीं राष्ट्राच्या खर्चांतील शेंकडा चाराहून अधिक भाग या खात्याकडे गेला. २७ जानेवारी १९६७ रोजीं यानाला आग लागून तीन अंतराळवीर जमिनीवरच दगावले, तेव्हां यानाची रचना पुन्हां तपासली गेली. वचन देणारा गेला होता, वचन मात्र कामाला जुंपलेलें राहिलें. २४ जुलै १९६९ रोजीं तें खरें झालें.

भाषणावांचून प्रेरणा नाहीं, असेंहि नव्हे. रशियाचे सर्गेई कोरोल्येव्ह यांनीं १९३८ सालीं अटक झाल्यावर कोलिमाच्या बंदिवासांत सक्तमजुरी भोगली होती. तेच पुढें स्पुटनिक आणि गागारिन यांच्या मागील सूत्रधार झाले; परंतु जानेवारी १९६६ मध्यें ते वारले तोंवर जगाला त्यांचें नांवहि कळूं दिलें गेलें नव्हतें.

आपल्या देशाचाहि दाखला याच पंक्तींत बसतो. केनेडी यांच्या हत्येच्या आदल्या दिवशीं, २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं, केरळांतील थुंबा या कोळ्यांच्या गांवाहून अमेरिकेनें दिलेला एक लहान अग्निबाण आकाशांत गेला. गांवांतील चर्चची इमारत हीच तेथील शास्त्रज्ञांची कचेरी होती. या कार्याचे धुरीण विक्रम साराभाई १९७१ च्या डिसेंबरांत निवर्तले. ‘आर्यभट’ १९७५ सालीं रशियाच्या भूमीवरून उडाला आणि भारतीय अग्निबाणानें भारतीय उपग्रह कक्षेंत नेला तो १९८० सालीं. त्यांतलें कांहींहि त्यांना पाहावयास मिळालें नाहीं.

श्रोतेहो, डिसेंबर १९७२ नंतर अर्धशतकभर चंद्रावर मनुष्याचें पाऊल पडलें नाहीं. उरलेल्या सफरी काटकसरीपायीं रद्द झाल्या. तेव्हां तो काळ देवमाणसांचा होता, असें मानण्याचें कारण नाहीं. ज्याला आपण स्फूर्ति म्हणतों ती निर्मळ मनाच्या महापुरुषाची वाट पाहत बसल्यानें लाभत नाहीं. पुढारी समोर आला म्हणजे त्याला दोन प्रश्न विचारावेत: हें केव्हांपर्यंत करून दाखवाल? आणि तें तुमच्या मागून पुरें झालें तरी चालेल काय? जो न अडखळतां उत्तर देईल, त्याच्यामागें जावें.