गिळत गिळत मोठ्या झालेल्या दीर्घिका

लखनौची तारावाली कोठी ही अवधच्या नबाबांची वेधशाळा. नसिरुद्दीन हैदरनं ती उभारायला घेतली, वाजिद अली शाहनं 1849मध्ये बंद केली. विलायतेहून आणलेल्या दुर्बिणींचं तिथलं मुख्य काम ताऱ्या-ग्रहांच्या जागा टिपण्याचं, धूसर ठिपक्यांचं कोडं उकलण्याचं नव्हे. ही वेधशाळा चालू असतानाच, 1845मध्ये, आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांना आकाशातल्या एका धूसर ठिपक्यात भोवऱ्यासारखी वळणं दिसली. काही ठिपके मात्र गुळगुळीत गोळेच राहिले. पुढे 1920च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी असे ठिपके म्हणजे दूरच्या दीर्घिका असल्याचं दाखवलं आणि गुळगुळीत दीर्घिकांचा 'लंबवर्तुळाकार' असा वेगळा वर्ग केला. त्यांतली वस्ती बहुतेक म्हाताऱ्या, तांबूस ताऱ्यांची. म्हणून अनेकांना वाटे, प्रचंड वायुमेघ एकदाच कोसळला, तारे झाले, संपलं.

या दीर्घिका कशा घडल्या, याच्या दुसऱ्या उत्तराची सुरुवात झाली चक्क विजेच्या दिव्यांनी. 1941मध्ये स्वीडनमधल्या लुंडला एरिक होल्मबर्ग यांनी 37-37 दिव्यांच्या दोन दीर्घिका मांडल्या. अंतर वाढलं की गुरुत्वाकर्षण ज्या प्रमाणात घटतं, त्याच प्रमाणात उजेडही घटतो. मग प्रत्येक दिव्याच्या जागी फोटोसेल ठेवून उजेड मोजायचा, तेवढी ओढ धरायची, दिवा सरकवायचा, पुन्हा मोजायचं. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत आवडतो तो हाच खटाटोप. जवळून जाणाऱ्या दीर्घिका एकमेकींना विस्कटतात, वेग गमावतात आणि एकमेकींत अडकू शकतात, हे त्यातून दिसलं. ताऱ्यांच्या गर्दीतून जाणारी जड वस्तू मंदावते, याचं गणित खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी 1943मध्ये मांडलं.

1972मध्ये टूमरे बंधूंनी हाच खेळ संगणकावर केला. 1977मध्ये आलार टूमरे यांनी सरळ सुचवलं की भोवऱ्यासारख्या वळणांच्या सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळून लंबवर्तुळाकार दीर्घिका बनतात. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे अजित केंभावी, योगेश वाडदेकर आणि सहकाऱ्यांना 2000मध्ये आढळलं की लंबवर्तुळाकार दीर्घिका आणि सर्पिलांचे मधले फुगवटे आकार-तेजाच्या एकाच नियमात बसतात, म्हणजे दोन्हींच्या घडणीत काही साम्य असावं.

पण 'दोन धडकल्या, एक झाली' ही लोकप्रिय गोष्ट अर्धीच आहे. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वीच्या जड, निवांत (नवे तारे घडणं थांबलेल्या) दीर्घिका आजच्या तितक्याच जड दीर्घिकांपेक्षा पाचेक पट लहान होत्या, असं 2008च्या सुमाराला दिसलं. बरोबरीच्या दोघी मिसळल्या तर वस्तुमान दुप्पट आणि त्रिज्याही साधारण दुप्पटच. तेवढंच वस्तुमान अनेक छोट्या दीर्घिका गिळून मिळालं, तर मात्र त्रिज्या चौपटीपर्यंत जाते, कारण छोट्यांचे तारे बाहेरच्या बाहेर विखुरले जातात. आकाराचं कोडं अशा बारीकसारीक घासांनीच जास्त सुटतं.

हे जेवण अजून चालू आहे. खगोलशास्त्रज्ञ मेसिए यांनी 1781मध्ये नोंदलेल्या एम 87 या राक्षसी दीर्घिकेनं गेल्या एक अब्ज वर्षांत एक मध्यम आकाराची सर्पिल दीर्घिका गिळल्याचं 2015मध्ये जाहीर झालं. एप्रिल-मेमध्ये, शहराच्या दिव्यांपासून दूर गेलात, तर कन्या राशीतली ही दीर्घिका छोट्या दुर्बिणीतूनही दिसते.